खंडित औषध आणि बदललेला प्रश्न : ग्रामीण विदर्भातील एका अपस्मार-संशोधकाचे प्रकरण

हे प्रकरण संबंधित डॉक्टरांच्या संमतीने आणि त्यांच्या टिपणांच्या आधारे लिहिले आहे. ओळख पटू नये म्हणून संस्था, तालुका, गावे आणि वर्षे गाळली आहेत आणि रुग्णांचे काही तपशील बदलले आहेत. संशोधन-प्रस्ताव ज्या नैतिकता समितीपुढे आला, तिच्यावर मी सामाजिक वैद्यकशास्त्राचा शिक्षक म्हणून होतो, त्यामुळे काही निर्णय मला जवळून पाहता आले.

पार्श्वभूमी

या न्यूरोलॉजिस्ट मूळच्या विदर्भातल्याच. एम.डी.नंतर मेंदूविकारशास्त्रातील डी.एम. त्यांनी दक्षिणेतील एका मोठ्या संस्थेत केले आणि पुढे तेथेच अपस्मार (मिरगी, फिट येण्याचा आजार) विभागात व्हिडिओ-ईईजी (चित्रीकरणासह मेंदूच्या विद्युत लहरींची नोंद) व शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासण्यांवर काम केले. औषधांना दाद न देणारा अपस्मार हा त्यांचा विषय होता, त्यावर त्यांचे काही शोधनिबंध चांगल्या नियतकालिकांत आले होते आणि त्या संस्थेत राहिल्या असत्या तर त्यांची पुढची वाट आखल्यासारखीच होती. घरच्या कारणांमुळे त्या परतल्या आणि एका वैद्यकीय महाविद्यालयात सहायक प्राध्यापक म्हणून रुजू झाल्या. महाविद्यालयाच्या वतीने कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यातील एका ग्रामीण रुग्णालयात ठरावीक दिवशी मेंदूविकारांची ओपीडी चालवण्याचे काम त्यांच्याकडे आले. त्या ओपीडीसाठी त्यांनी मुद्दाम आठवडी बाजाराचा दिवस निवडला, कारण त्या दिवशी आसपासच्या खेड्यांतून काळीपिवळी आणि एस.टी. दोन्ही मिळतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे 5 कोटी लोकांना अपस्मार आहे, त्यांपैकी जवळजवळ 80 टक्के अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात आणि योग्य निदान व उपचार मिळाले तर 70 टक्क्यांपर्यंत रुग्णांचे झटके थांबू शकतात. उरलेल्या सुमारे 30 टक्क्यांवर या डॉक्टरांचे सारे संशोधन उभे होते. तालुक्यातील असे रुग्ण शोधायचे, त्यांचा इतिहास, ईईजी, एमआरआय आणि जनुकीय तपासणीसाठी रक्ताचे नमुने घ्यायचे आणि जुन्या संस्थेच्या सहकार्याने अभ्यास करायचा, असा त्यांचा प्रस्ताव होता. शहरी रुग्णालयांपर्यंत पोचणाऱ्या रुग्णांवरच आजवरचे बहुतेक काम झालेले असल्यामुळे खेड्यातल्या रुग्णांचा असा संच मोलाचा ठरला असता, यात शंका नाही.

अडचण

अपस्मारविरोधी आंतरराष्ट्रीय संघटनेने 2010 मध्ये औषध-प्रतिरोधी अपस्माराची जी व्याख्या केली, तिच्यानुसार योग्य निवडलेली, रुग्णाला सोसलेली आणि पुरेशा मात्रेत व पुरेसा काळ दिलेली दोन औषधे (एकेकटी किंवा एकत्र) झटके कायमचे थांबवू शकली नाहीत, तरच त्या रुग्णाला प्रतिरोधी म्हणता येते. ओपीडीत दोन-तीन औषधे ‘होऊन गेलेले’ रुग्ण भरपूर होते. कागदावर ते सगळे व्याख्येत बसत होते.

डॉक्टरांनी एक साधी गोष्ट सुरू केली. पुढच्या वेळी येताना घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या गोळ्यांच्या पट्ट्या, बाटल्या, चिठ्ठ्या, रिकामी पाकिटेसुद्धा, सगळे थैलीत घालून आणा, असे त्या प्रत्येकाला सांगू लागल्या. एका मध्यमवयीन शेतकऱ्याची थैली मी स्वतः पाहिली आहे. तीत ग्रामीण रुग्णालयातून मिळालेल्या फेनिटॉइनच्या कात्रीने कापलेल्या अर्ध्या पट्ट्या होत्या, जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका खासगी डॉक्टरांची कार्बामाझेपिनची चिठ्ठी होती, तिच्यावरची मात्रा दुकानदाराने पेनाने कमी केलेली होती, आणि तळाशी पुडीत बांधलेली कसली तरी भुकटी व एक तुटका ताईत होता. डॉक्टरांनी त्याच्या बायकोला समोर बसवून महिन्यांचा तक्ता भरायला घेतला. तारखा तिला सांगता येत नव्हत्या, पण पेरणी, निंदण, फवारणी, वेचणी अशा खुणांवरून तिने कोणत्या काळात गोळ्या होत्या आणि कोणत्या काळात नव्हत्या हे बिनचूक सांगितले. पेरणीच्या तोंडावर पैसा बियाण्यात जाई आणि गोळ्या एक दिवसाआड घेतल्या जात. मार्चअखेरीस ग्रामीण रुग्णालयातला साठा संपला की त्या बंदच होत. फेनिटॉइन एकाएकी बंद झाले की झटक्यांची माळ लागू शकते, आणि या माणसाच्या बाबतीत ती दोनदा लागली होती. दोन्ही वेळा ‘औषध लागू पडत नाही’ असे समजून औषधच बदलले गेले.

दुसरा प्रकार औषधाच्या निवडीचा होता. बारावीतल्या एका मुलाला पहाटे किंवा सकाळी हाताला हिसका बसून हातातली कपबशी उडत असे आणि घरचे त्याला धसमुसळा म्हणून बोलत. मोठे झटके सुरू झाल्यावर त्याला कार्बामाझेपिन दिले गेले आणि हिसके वाढले. किशोरवयात सुरू होणाऱ्या मायोक्लोनिक (स्नायूंना अचानक हिसके बसणाऱ्या) अपस्मारात हे औषध त्रास वाढवू शकते. पण सकाळच्या हिसक्यांबद्दल त्याला कोणी विचारलेच नव्हते आणि आपण होऊन सांगावे असे त्यालाही वाटले नव्हते. त्यात भर जागलीची होती. रोही आणि रानडुकरे पीक फस्त करतात म्हणून हंगामात शेतावर रात्रभर जागावे लागते, आणि रब्बीत कृषिपंपाची वीज रात्रपाळीत आली की गव्हाला, हरभऱ्याला पाणी द्यायलाही रात्रीच जावे लागते. अपुरी झोप ही या प्रकारच्या अपस्मारात झटक्याला हमखास निमित्त ठरते. औषध बदलून व्हॅल्प्रोएट दिल्यावर आणि जागलीची पाळी थोरल्या भावाने घेतल्यावर मुलाचे झटके थांबले. हा मुलगा आधीच्या नोंदीत ‘दोन औषधांना दाद न दिलेला’ होता.

तिसऱ्या गटातील काही जणांना मुळात अपस्मार नव्हता. उन्हात उभे राहून येणारी भोवळ, मनावरच्या ताणातून येणारे झटक्यांसारखे प्रसंग, आणि सिकलसेलच्या (रक्ताच्या एका आनुवंशिक आजाराच्या) एका रुग्णाला पक्षाघाताच्या वेळीच आलेले झटके, या सर्वांवर एकच शिक्का पडला होता. नातेवाइकांच्या मोबाइलवरील चित्रफितींचा निदानाला ईईजीपेक्षाही जास्त उपयोग झाला, असे डॉक्टर सांगतात, आणि ते पटण्यासारखे आहे, कारण एखादा ईईजी निर्दोष आला म्हणून अपस्मार नाही असे म्हणता येत नाही.

या गाळणीतून व्याख्येत खरोखर बसणारे रुग्ण इतके थोडे उरले की मूळ प्रस्तावाचा पायाच डळमळला. त्याहून गंभीर गोष्ट अशी की गाळणी न लावता नमुने गोळा केले असते तर अभ्यास पूर्ण झाला असता, छापूनही आला असता, आणि औषधाच्या खंडाचे परिणाम जनुकांच्या माथी मारले गेले असते.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय जुन्या संस्थेत परतण्याचा होता. तेथून तसे सुचवलेही गेले होते. पदोन्नतीसाठी ठरावीक मुदतीत शोधनिबंध लागतात, आणि आयत्या तपासण्या, आयता रुग्णसंच व अनुभवी सहकारी असलेल्या ठिकाणी ते वेळेत होतात. दुसरा पर्याय औषध कंपनीच्या चाचणीचे केंद्र होण्याचा होता. त्यात निधी होता, कर्मचारी मिळाले असते आणि महाविद्यालयाचाही त्याकडे ओढा होता. ज्यांची आधीची औषधेच धड चालू नव्हती त्यांना नवे औषध जोडून त्याचा गुण मोजणे शास्त्रीयदृष्ट्या लंगडे होते, हा आक्षेप डॉक्टरांनी स्वतःच घेतला. चाचणी संपल्यावर ते महाग औषध या रुग्णांना कोण देणार, या प्रश्नालाही समाधानकारक उत्तर मिळाले नाही.

तिसरा पर्याय घरोघर जाऊन तालुक्यात किती रुग्ण आहेत हे मोजण्याचा होता. याला मान्यता सहज मिळते आणि निबंधही लवकर होतो. माझ्या मते हा सर्वांत मोहात पाडणारा आणि म्हणूनच सर्वांत धोक्याचा पर्याय होता. भारतातील अनेक भागांत अशा मोजण्या झाल्या आहेत आणि आणखी एका तालुक्याचा आकडा मिळाल्याने त्या तालुक्यातल्या कोणाचेही झटके थांबत नाहीत.

चौथा पर्याय मूळ प्रश्नच बदलण्याचा होता : जुनी, स्वस्त औषधे वर्षभर अखंड मिळाली तर या तालुक्यातील रुग्णांचे काय होते? हा प्रश्न नवा नव्हता. कर्नाटकातील यळंदूर भागात डॉ. के. एस. मणी आणि सहकाऱ्यांनी फेनोबार्बिटोन आणि फेनिटॉइन या स्वस्त औषधांवर ग्रामीण भागात केलेले काम 2001 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले होते, आणि चीनच्या ग्रामीण भागातही फेनोबार्बिटोनवर आधारित मोठा प्रकल्प झाला होता. फेनोबार्बिटोन 1912 पासून वापरात आहे. इतक्या जुन्या औषधावर काम करणारा डी.एम. झालेला माणूस आपले शिक्षण वाया घालवतो, असे त्यांच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याने बोलूनही दाखवले.

निर्णय आणि कृती

त्यांनी चौथा पर्याय निवडला, पण त्याचे रूप नैतिकता समितीपुढे बदलले. पहिल्या मसुद्यात रुग्ण शोधणे आणि त्यांचा पाठपुरावा यांचे वर्णन सविस्तर होते. औषधांबद्दल मात्र ‘शासकीय यंत्रणेमार्फत’ एवढेच लिहिले होते. पाहणीत सापडलेल्या रुग्णाला औषध कोण देणार आणि अभ्यास संपल्यावर कोण देणार, असे समितीने विचारले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वेही सहभागी व्यक्तींच्या काळजीचा विचार संशोधकाने आधीच करावा असे सांगतात. मान्यता काही महिने लांबली. त्या काळात डॉक्टरांनी मसुद्याची भाषा बदलत न बसता तालुका आरोग्य अधिकारी आणि औषधनिर्माण अधिकारी यांच्याबरोबर साठा नोंदवह्या उघडल्या. या संपूर्ण प्रकरणातला निर्णायक टप्पा मी तोच मानतो.

नोंदवह्यांतून असे दिसले की प्राथमिक आरोग्य केंद्रांचे मागणीपत्रक गेल्या वर्षीच्या खपावरून भरले जाते. साठा संपलेल्या महिन्यांत खप शून्य दिसतो, म्हणून पुढच्या वर्षीची मागणी आणखी कमी होते, आणि पुन्हा साठा लवकर संपतो. रुग्णांची यादी आणि प्रत्येकाची मात्रा यांवरून मागणी काढली तर हे चक्र तुटते. त्यामुळे रुग्णनोंदणी हे संशोधनाचे साधन आणि औषध-मागणीचा आधार अशी दोन्ही कामे करू लागली. मागणी आणि पुरवठा यांतली दरी भरण्यासाठी रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून स्थानिक खरेदीची तरतूद करून घेतली गेली. गोळ्या पंधरा दिवसांऐवजी दोन महिन्यांच्या देण्याची परवानगी मिळवायला मात्र बराच पत्रव्यवहार करावा लागला.

यादी कोणी करायची हा दुसरा कठीण निर्णय होता. आशा (गावपातळीवरील आरोग्य कार्यकर्ती) गावातलीच असते, घरोघर तिची ये-जा असते आणि कोणाला फिट येते हे तिला बहुधा ठाऊक असते. पण ती गावातलीच असल्यामुळे तिच्या वहीतले नाव लपत नाही. प्राथमिक चाचपणीच्या वेळी एका आईने डॉक्टरांचा हात धरून सांगितले, “मॅडम, कारडावर मिरगी लिहू नका जी, पोरीचं जमून राह्यलं.” हिंदू विवाह कायदा आणि विशेष विवाह कायदा यांतील अपस्माराचा उल्लेख 1999 च्या दुरुस्तीने वगळला गेला आहे, आणि अपस्मार आहे एवढ्यावरून आता विवाह रद्द ठरवता येत नाही. सोयरीक जमवणाऱ्यांपर्यंत ही दुरुस्ती अजून पोचलेली नाही. डॉक्टरांनी आशांना वेगळी यादी करायला लावली नाही. डोकेदुखी, लकवा, हातापायाला मुंग्या आणि झटके यांबद्दलचे प्रश्न एकाच प्रश्नावलीत घातले, ओपीडीची पाटी ‘डोक्याचे व नसांचे आजार’ अशी ठेवली आणि कार्डावर केवळ क्रमांक व औषधाचे नाव लिहिले. निदान डॉक्टरांच्या कुलूपबंद नोंदीत राहिले.

मुलींच्या बाबतीत एक गुंता उरतोच. व्हॅल्प्रोएट स्वस्त आणि परिणामकारक आहे, पण गर्भारपणात घेतल्यास बाळात जन्मजात दोषांचा आणि पुढे बौद्धिक वाढीवर परिणामाचा धोका असतो. केरळात 1998 पासून चालणाऱ्या अपस्मार व गर्भारपण नोंदणीसारख्या कामांमुळे याविषयी भारतीय माहितीही उपलब्ध आहे. लग्न ठरलेल्या मुलीचे औषध आधीच बदलायला हवे, आणि लग्न ठरल्याचे तिचे घर डॉक्टरांना सांगत नाही, कारण सासर दुसऱ्या तालुक्यात असते आणि तिकडे आजार कळू द्यायचा नसतो. म्हणून पौगंडावस्थेपासूनच मुलींना शक्यतो व्हॅल्प्रोएट द्यायचे नाही असे डॉक्टरांनी ठरवले. पर्यायी लेव्हेटिरासेटाम ग्रामीण रुग्णालयात नेहमी मिळत नव्हते, त्यामुळे काही मुलींच्या घरी खर्चाचा भार पडला. हा निर्णय बरोबर होता असे मला वाटते, पण त्याची किंमत काही घरांना मोजावी लागली.

अभ्यासाच्या रचनेबाबत काही आरोग्य केंद्रांना अखंड पुरवठा आणि काहींना नेहमीचाच पुरवठा, अशी चिठ्ठ्या टाकून विभागणी करण्याचा सल्ला संख्याशास्त्रज्ञांनी दिला होता. साठा मुद्दाम खंडित राहू द्यायचा आणि परिणाम मोजायचा, हे डॉक्टरांना मान्य झाले नाही. सर्व केंद्रे टप्प्याटप्प्याने घ्यायची, प्रत्येक केंद्राची आधीची स्थिती मोजायची आणि मग पुरवठा सुरू करायचा, असा मध्यम मार्ग निघाला. केंद्रे थोडी असल्यामुळे निष्कर्षांचे वजन कमी होणार हे त्यांना आधीच माहीत होते.

निष्पत्ती

पुरवठा सुरू झालेल्या केंद्रांतील बहुसंख्य नियमित रुग्णांचे झटके थांबले किंवा लक्षणीय कमी झाले. ओळख जपण्यासाठी आकडे येथे दिलेले नाहीत. थैलीवाला शेतकरी फेनिटॉइनच्याच योग्य मात्रेवर स्थिर झाला. एक तरुण स्त्री मात्र शेतातल्या विहिरीवर पाणी काढताना झटका येऊन मरण पावली. तिचे औषध चालू होते. यानंतर भाजणे, पडणे आणि बुडणे यांची स्वतंत्र नोंद सुरू झाली आणि एकटीने विहिरीवर न जाणे, न्हाणीघराला आतून कडी न लावणे, चूल ओट्यावर घेणे, मोहाच्या झाडावर न चढणे या सूचना आशांमार्फत घरोघर दिल्या जाऊ लागल्या.

संशोधक म्हणून डॉक्टरांना किंमत मोजावी लागली. त्यांची पदोन्नती बरोबरीच्यांपेक्षा मागे पडली. पहिला निबंध दोन नियतकालिकांनी नाकारला. एकाने रचना कमकुवत ठरवली, दुसऱ्याने विषय स्थानिक महत्त्वाचा ठरवला. तिसऱ्या ठिकाणी तो स्वीकारला गेला, आणि त्यातील सर्वाधिक लक्ष वेधणारा भाग झटके कमी झाल्याचा नव्हता. प्रतिरोधी ठरलेल्या रुग्णांतील बहुतेकांच्या औषधांचा तक्ता खंडित होता, या मांडणीवर तज्ज्ञांनी अधिक चर्चा केली. गाळणीतून उरलेले थोडे खरे प्रतिरोधी रुग्ण पुढे जुन्या संस्थेकडे तपासणीला पाठवले गेले आणि त्यांच्यातील एकावर शस्त्रक्रियाही झाली. आता ती संस्था आपल्याकडे येणाऱ्या ग्रामीण रुग्णांकडूनही औषधांचा असाच तक्ता भरून घेते.

पुरवठ्याची व्यवस्था अजूनही अर्धवट आहे. औषधनिर्माण अधिकाऱ्यांची बदली झालेल्या एका केंद्रात पुढच्याच मार्चमध्ये साठा पुन्हा संपला, कारण यादीवरून मागणी काढण्याची पद्धत लेखी आदेशात कधी आलीच नव्हती.

वेगळे काय करता आले असते

साठा नोंदवह्या उघडण्याचे काम प्रस्ताव लिहिण्याच्या आधी व्हायला हवे होते. नैतिकता समितीने अडवले नसते तर ते कदाचित पाहणी सुरू झाल्यावर, म्हणजे रुग्णांना आशा दाखवून झाल्यावर, झाले असते. औषधांवर आणि प्रवासावर घरचा किती पैसा जातो याची नोंदही सुरुवातीपासून ठेवायला हवी होती. ती नसल्यामुळे जिल्हा नियोजन समितीपुढे निधी मागताना ‘यामुळे कुटुंबाचा किती खर्च वाचतो’ या प्रश्नाला ठाम उत्तर देता आले नाही.

टप्प्याटप्प्याच्या रचनेविषयी माझे मत डॉक्टरांपेक्षा थोडे वेगळे आहे. शेजारच्या तालुक्यातील केंद्रे सोबत घेतली असती, तर पुरवठा कोणाचाही न रोखता केंद्रांची संख्या वाढली असती. त्यांचे म्हणणे असे की दोन तालुक्यांतील अधिकाऱ्यांना एका वेळी राजी करण्याइतकी माणसे त्यांच्याजवळ नव्हती, आणि ते नाकारता येत नाही.

लेखकत्वाचा प्रश्न मात्र आजही सुटलेला नाही. रुग्णांच्या बायकांना बोलते करण्यात आणि महिन्यांचे तक्ते भरण्यात ज्या दोन आशांचा सिंहाचा वाटा होता, त्यांची नावे निबंधात आभारांपुरती आली. सहलेखक म्हणून त्यांना घ्यावे असे डॉक्टरांना वाटत होते. पण सहलेखकाने मसुदा तपासून त्याची जबाबदारी घेतली पाहिजे असा नियतकालिकांचा नियम असतो, आणि मसुदा इंग्रजीत होता. दुसऱ्या निबंधासाठी डॉक्टर आता मराठी मसुदा आधी तयार करत आहेत. तो त्या दोघी वाचतील, दुरुस्त करतील, आणि इंग्रजी रूपांतर त्यानंतर होईल.